घंटेमागची गाढवं

घाटात रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, तेव्हाची गोष्ट. एका व्यापाऱ्याची गाढवं मिठाच्या गोण्या घाटावर न्यायची. पुढं म्हातारी ढवळी, तिच्या गळ्यात पितळी घंटा आणि त्या आवाजामागं बाकीची.

पाठी सोलवटल्या, तेव्हा ढवळीनं सगळ्यांना गोळा केलं.

"गोण्या हलक्या होईपर्यंत उठायचं नाही."

"मागंही असंच ठरलं होतं," बांड्या गाढव म्हणाला. "काठी पडली आणि सगळे पांगलो."

"माहीत आहे रे," ढवळी थकून म्हणाली. "तरी आणखी एकदा करून बघू."

सकाळी गोण्या लादल्या, तशी सगळी जागीच बसली. मालकानं काठ्या घातल्या, शिव्या घातल्या. कुणी हललं नाही. ढवळीला वाटलं, जमलं बाई एकदाचं!

मालक दमला. मग त्यानं ढवळीच्या गळ्यातली घंटा सोडली, स्वतःच्या कमरेला बांधली आणि मुकाट्यानं घाट चढू लागला.

घंटा वाजू लागली, तसं एकेक गाढव उठून मागं निघालं.

"अरे थांबा, तो मालक आहे!" ढवळी ओरडत राहिली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

ओरडता ओरडता तिला धाप लागली, तेव्हा तिनं खाली पाहिलं. तीही घाट चढत होती.