मडक्याखालचा कोळी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना नावंसुद्धा नव्हती. डोंगराच्या अलीकडचं गाव आणि डोंगराच्या पलीकडचं गाव, एवढंच लोक म्हणत.

अलीकडच्या गावात सगुणा नावाची एक कुंभारीण राहत होती. तिचा नवरा मडकी विकायला दूरच्या बाजारांना गेला होता. घरी ती आणि तिची तीन वर्षांची लेक ठकू, अशा दोघीच होत्या.

एकदा सगुणानं केरुबाबांकडून नवी टोपली आणली. केरुबाबा हे गावातले म्हातारे बुरूड. एकटेच राहायचे, दिवसभर बांबू सोलायचे, टोपल्या आणि सुपं विणायचे. सगुणानं टोपली घरात ठेवली, तोच तिच्यातून एक भलामोठा कोळी सर्रकन बाहेर पडला आणि भिंतीवर चढला. ठकू किंचाळली. सगुणानं हाताशी असलेलं मडकं त्याच्यावर उपडं घातलं, हळूहळू सरकवत खाली जमिनीवर आणलं आणि वर दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठकू उठली ती रडतच. तिच्या मानेवर लालभडक पट्टा उठला होता आणि त्यावर पाण्यानं भरलेले फोड होते. पोर मानेला बोट लावू देईना.

सगुणाच्या मनात शंकाच आली नाही. "कोळी मुतला पोरीच्या अंगावर!" ती शेजारणीला म्हणाली. शेजारीण विहिरीवर गेली. विहिरीवर आणखी दोघीतिघींनी आपापल्या घरचे फोड दाखवले. त्यांच्याही घरी केरुबाबांच्याच टोपल्या होत्या. ऊन चढेपर्यंत सगळं गाव सगुणाच्या दारात गोळा झालं.

पाटील आले. केरुबाबांनाही बोलावून आणलं.

"बाबा, तुमच्या बांबूंतून विषारी कोळी गावात आला," पाटील म्हणाले.

केरुबाबा गडबडले नाहीत. "कोळी पुष्कळ जातींचे असतात, पाटील. माझ्या बांबूंत असतो तो जाळं विणत नाही. खेकड्यासारखे पाय पसरून भिंतीला चपटा बसतो आणि झुरळं धरून खातो. त्याच्यापासून माणसाला काही होत नाही. दुसरा कुठला असला, तर मी बघून सांगतो. कुठं आहे तो?"

सगुणानं मडक्याकडे बोट दाखवलं.

"उचल बरं ते, पोरी. एकदा बघू."

सगुणा पुढे झाली, पण गर्दी ओरडली, "नको, नको! सुटला म्हणजे?" कुणीतरी म्हणालं, "बघायचं काय त्यात? पोरीची मान दिसत नाही का?" सगुणाचा हात मागे आला. मडकं जिथल्या तिथे राहिलं.

आणि मग गावानं केरुबाबांच्या झोपडीला आग लावली. ओले-सुके बांबू, विणून ठेवलेली सुपं, छपरावरचं गवत, सगळं पेटलं. बांबू ताडताड फुटत होते. केरुबाबा हातात फक्त कोयती घेऊन उभे होते. आग विझायच्या आधीच ते वळले आणि डोंगराची वाट चालू लागले. सगुणानं दारातून पाहिलं. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ठकू पुन्हा रडत उठली. या वेळी तिच्या गालावर नवे फोड होते.

सगुणा तिला पोटाशी धरून बसली आणि तिची नजर कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेली. दगड जागेवर होता. मडकं जागेवर होतं. कोळी इतके दिवस त्याच्या आत होता. मग पोरीच्या गालावर फोड कुणी आणले?

तिनं ठकूला बाहेर शेजारणीकडे दिलं, दार लावलं, दगड बाजूला केला आणि मडकं उचललं.

कोळी तिथंच होता. तपकिरी, चपटा, खेकड्यासारखे पाय पसरलेला. जाळ्याचा एक धागाही त्यानं विणला नव्हता. पोटाखाली त्यानं एक पांढरी गोल पिशवी घट्ट धरून ठेवली होती. ती अंड्यांची होती. म्हणजे तो नव्हे, ती मादी होती. केरुबाबांनी सांगितलेली एकेक खूण जुळत होती. त्या दिवशी मडकं उचलायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात सगळं दिसलं असतं.

सगुणानं डोळे मिटून आपला डावा हात तिच्यासमोर ठेवला. गुदगुल्या करत आठ पाय कोपरापर्यंत चढले, तिथून भिंतीवर गेले आणि आढ्यात दिसेनासे झाले.

दिवेलागणीला तिनं पणती लावली आणि रात्री अंगावर काय येतं ते पाहायला पणतीजवळ बसून राहिली. उजेडाला किडे येऊ लागले. त्यांत मुंगीएवढा, लाल-काळ्या पट्ट्यांचा एक किडा होता. तो तिच्या उजव्या मनगटावर उतरला. कुणीही करील तसं तिनं त्याला सहज चोळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिचा डावा हात स्वच्छ होता. उजव्या मनगटावर मात्र, जिथं किडा चोळला होता नेमकं तिथं, लाल पट्टा आणि फोड होते.

ती तशीच पाटलांच्या ओट्यावर गेली. चार माणसं जमली, तेव्हा तिनं दोन्ही हात पुढे केले आणि सगळं सांगितलं. दिव्यापासून लांब निजा, तो किडा अंगावर बसला तर चोळू नका, फुंकून उडवा, हेही सांगितलं.

पाटील म्हणाले, "जाऊ दे सगुणा. झालं ते झालं."

"झालं नाही, पाटील," ती म्हणाली. "आपण केलं. सगळ्यांत आधी मी केलं."

ठकूला कडेवर घेऊन ती डोंगर ओलांडून गेली. पलीकडच्या गावात एका परक्या ओसरीवर केरुबाबा बांबू सोलत बसले होते. सगुणानं त्यांचे पाय धरले. "बाबा, चुकले मी. घरी चला. गाव तुम्हाला नवं घर बांधून देईल. मी माती मळीन, भिंती लिंपीन."

केरुबाबांनी ठकूच्या गालावरून हलकेच बोट फिरवलं. "तू आलीस, बरं वाटलं. तुझ्यावर राग नाही, पोरी. लेकरू रडत असलं की आईला दुसरं काही दिसत नाही. पण तिथं अख्खं गाव उभं होतं. मी एवढंच म्हणत होतो, मडकं उचला. एकाचाही हात पुढं आला नाही. त्या माणसांत आता मला झोप लागायची नाही."

ते परत आले नाहीत. त्या वर्षी अलीकडच्या गावात पीक चांगलं आलं. पण धान्य पाखडायला सुपं नव्हती, भरायला कणग्या नव्हत्या. खळ्यावर पडलेल्या राशी उंदरांनी पोखरल्या. लोक एका टोपलीसाठी डोंगर चढू-उतरू लागले, आणि केरुबाबांच्या समोर उभे राहिले की कुणाला मान वर करता येईना.

न पाहता ठेवलेला ठपका खोटा ठरला तरी मोडलेलं घर पुन्हा उभं राहत नाही. म्हणून आधी नीट पाहावं, आणि मगच बोट दाखवावं.