घाटनाक्यावरची चिठ्ठी

"प्रत्येक ड्रायव्हर रोज तपासायचा. प्यालेला एकही घाटात उतरता कामा नये, आणि एकही लॉरी उशिरा सुटता कामा नये."

हिरडगावच्या महाराजांनी हुकूम सोडला. आदल्याच दिवशी एका ड्रायव्हरने ताडी ढोसून संस्थानची लॉरी कातळघाटाच्या कठड्यावर लटकवली होती.

हुकूम पडला नाकेदार भिवाजीच्या गळ्यात. लॉऱ्या चाळीस. पहाटे अर्ध्या तासात सगळ्या सुटल्या नाहीत, तर खाली स्टेशनातली मालगाडी चुकायची. आणि तपासायला भिवाजी एकटा. पहिल्या दिवशी त्याने चाळीस तोंडं हुंगली, तर ऊन वर आलं आणि मालगाडी गेली. दुसऱ्या दिवशी घाई केली, तर ताडीचा वास लपवायला कच्चा कांदा खाऊन आलेला एक जण निसटला आणि त्याने लॉरी भातखाचरात घातली.

"आठ दिवसांत जमव, नाहीतर नाका सोड," दिवाणांनी बजावलं.

भिवाजीला जेवण जाईना. तेव्हा त्याची लेक येसू म्हणाली, "आबा, उद्या मी येते. तुम्ही नुसते उभे राहा."

पहाटे तिने रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. एका मडक्यात लॉऱ्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाकल्या. लॉऱ्या रांगेत लागल्यावर सगळ्यांदेखत चार काढल्या.

"हे चौघे खाली उतरा. पावलाला पाऊल लावून रेघेवरून चाला. बाकीचे निघा."

"मी नाही चालणार," एक ड्रायव्हर गुरकावला. "मी काय डोंबारी आहे?"

"नका चालू. पण जो नाही म्हणेल, तो प्यालाय असं मी धरणार. लॉरी सुरू करायचं हँडल इथं ठेवा." त्याने हँडल तिच्या पायाशी टाकलं आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक सापडला. तिसऱ्या दिवसापासून कुणीच सापडेना, आणि मालगाडीही चुकेना.

आठव्या पहाटे महाराज मेजवानीहून परतताना, स्वतः मोटार हाकत, नाक्यावर थांबले. दिवाण शेजारी जीव मुठीत धरून बसले होते.

"पोरी, हुकूम चाळिसांचा होता. तू चारच तपासतेस म्हणे?"

"सरकार, तपासते चौघांना, पण धाक चाळिसांना. चिठ्ठी कुणाची निघेल हे मलाही ठाऊक नसतं, म्हणून पिऊन यायला कुणी धजत नाही. सरकारांना चाळीस तोंडं हुंगलेली हवीत, की चाळीस ड्रायव्हर शुद्धीवर?"

महाराजांनी मडक्यात हात घालून एक चिठ्ठी काढली.

"एक्केचाळीस? लॉऱ्या तर चाळीसच आहेत."

"ती सरकारांच्या मोटारीची. तीही याच घाटाने उतरते ना."

रांगेतले ड्रायव्हर माना उंचावून बघू लागले.

"आणि मी रेघेवर चाललो नाही तर?" महाराजांनी भुवया चढवल्या.

"माझी काय बिशाद, सरकार? हुकूम आपला आहे. तो आपणच मोडला, तर उद्या हे चाळीस जण कुणाचा पाळतील?"

महाराज उतरले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसरं सरळ गटारात गेलं. मग गटारातूनच महाराजांचं हसू फुटलं, ते थांबेचना.

"दिवाणजी, मोटारीचं हँडल हिच्याकडे द्या. भिवाजीचा नाका कायम. आणि येसू आजपासून संस्थानची तपासनीस, महिना वीस रुपये."

एवढं बोलून महाराज पहिल्या लॉरीत चढले आणि ड्रायव्हरशेजारी बसून घाट उतरले.