साहेबांचा मालक कोण?

एका गावात एक भोळा मास्तर होता. नाव झुंबर. सांगाल ते करायचा आणि सांगाल तेवढंच करायचा. नोकरी अजून कच्ची होती. मोठे साहेब तपासणीला येणार, मुलांचे प्रकल्प बघणार, पसंत पडले तरच झुंबर कायम होणार. आणि कायम झाल्याशिवाय मामा पोरगी देणार नव्हते. त्यामुळे बिचारा जिवाचं रान करत होता.

मुख्याध्यापिका रखमाबाई म्हणाल्या, "मास्तर, मुलांनी विचारलं की उत्तर सांगून मोकळं व्हायचं नाही. त्यांचं त्यांना शोधू द्या. कुतूहल वाढतं."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी मुलं म्हणाली, "गुरुजी, शाळेची किल्ली कुठंय?"

"शोधा," झुंबर म्हणाला.

मुलांनी आड धुंडाळला, कौलं उचकटली, बाईंच्या कोंबड्यांचं खुराडं उपसलं. दुपारी मास्तरनं घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर किल्ली खाली पडली.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, आपल्याजवळ असेल ते मुलांच्या हातात द्यायचं! हाताळल्याशिवाय कळतं का काही?"

"चुकलंच बाई. पुढच्या वेळी देतो."

पुढच्या वेळी सोनीनं विचारलं, "गुरुजी, मधमाश्या पोळ्यात काय करतात हो?" झुंबर सरसर चिंचेवर चढला आणि पोळं तोडून पोरीच्या हातात ठेवलं. संध्याकाळी कुठलं पोर कुणाचं, ते आयांना ओळखू येईना.

बाईही सुजल्या होत्या. ओठ आवरत म्हणाल्या, "अहो, जित्या जिवाला हात लावायचा नसतो! लांब आडोशाला बसायचं, हूं की चूं करायचं नाही, नुसतं बघायचं!"

"बरं बाई. बघतो."

प्रकल्पासाठी मुलांनी डबड्यांत घेवडा लावला होता. कुणी उन्हात, कुणी अंधारात, कुणी मिठाच्या पाण्यावर. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी कुंपणातून एक शेळी आत शिरली. झुंबरनं मुलांना भिंतीआड बसवलं. शेळी खात होती, हे बघत होते.

"मिठाचा घेवडा तिला जास्त आवडतोय," झुंबर हळूच म्हणाला. शेळीनं शेवटी डबडीसुद्धा चाटली.

बाईंना रडू फुटायचं बाकी होतं. "आता साहेबांना काय दाखवू, माझं डोंबल? अहो, परकं कुणी कुंपणातून आत आलं की दावं लावायचं आणि कोंडवाड्यात घालायचं! मालक सापडल्याशिवाय सोडायचं नाही!"

"आता नाही चुकणार बाई!"

सकाळी बाई साहेबांना आणायला एसटीच्या थांब्यावर गेल्या. साहेब जीपनं आले. फाटक बंद बघून कुंपणाच्या भगदाडातून आत शिरले. झुंबर दावं घेऊनच बसला होता.

साहेब कोंडवाड्यात जाऊन पडले. आधी खूप गरजले. मुलं भोवती जमली.

"साहेब, राग आला की आधी कान लाल होतात का नाक?"

"साहेब, पोट हलतं ते हसल्यावर पण हलतं का?"

आणि साहेबांना खरंच हसू आलं. पोटही हललं. "इतक्या शाळा पालथ्या घातल्या, पण मलाच प्रश्न विचारणारी पोरं आज भेटली! मास्तर, तुम्ही कायम. सोडा मला, सही करतो."

झुंबरला आनंदानं रडूच आलं. पण तो म्हणाला, "मालक सापडू द्या साहेब."

"अहो, माझा कसला मालक?"

मुलं शोधायला पळाली. कुणी तलाठ्याला गाठलं, कुणी सरपंचांना. परत येऊन म्हणाली, "साहेबांचा मालक सरकार!"

"आणि सरकारचा?" झुंबरनं विचारलं.

पुन्हा पळाली. सोनी धापा टाकत आली. "गुरुजी, लोक! म्हणजे आपणच!"

साहेबांनी आतून टाळ्या वाजवल्या. "शाबास! याला म्हणतात संशोधन! आता तरी सोडा."

झुंबरचा चेहरा फुलला. "आपलेच निघाले होय? मग सोडायचे कशाला?"

त्यानं साहेबांना दाव्यानं धरून शाळेत आणलं, खांबाला बांधलं, पुढ्यात हिरवा चारा टाकला आणि पाठीवर मायेनं थोपटून म्हणाला, "आधी पोटभर खा साहेब. सही काय, सावकाश होईल."