बॅटरी कोण खातं?

पतसंस्थेचे चेअरमन आबासाहेब जगदाळे यांनी सुनेला, शलाकाला, नवा फोन दिला आणि गावभर स्वतःचं कौतुक करून घेतलं. पण फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना. "दिवसभर रील बघत बसत असेल, दुसरं काय!" आबासाहेब चारचौघांत म्हणायचे, आणि शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी तिने फोनच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं. सगळी बॅटरी एक अनोळखी ॲप खात होतं. शलाका कुठे आहे, हे ते सारखं दुसऱ्या कुणाला तरी कळवत होतं. तिच्याआधी हा फोन हाताळला होता तो फक्त आबासाहेबांनी. पण नुसतं विचारलं असतं, तर त्यांनी कानावर हात ठेवले असते.

सासूबाई माहेरी तासगावला निघाल्या, तेव्हा शलाकाने आपला फोन त्यांच्या पिशवीत ठेवायला दिला आणि स्वतः शेजारच्या सिंधूकाकूंबरोबर अंगणात शेवया करत बसली.

संध्याकाळी सासूबाई परतल्या आणि थोड्याच वेळात आबासाहेब तणतणतच फाटकातून आत आले. "मला न विचारता तासगावला कशाला गेली होतीस?"

सिंधूकाकू चकित झाल्या. "अहो, ही सकाळपासून माझ्यासमोर बसलीय!"

"तासगावला फोन गेला होता, मामा. आत्यांच्या पिशवीतून," शलाका हात झटकत उठली. "माझी बॅटरी कोण खातंय, ते इतके दिवस कळत नव्हतं. आज खाणाऱ्यानं स्वतःच तोंड उघडलं."