सुपडू मोबाईलवर कटिंग शिकतो

तापीकाठच्या एका गावात सुपडू नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे. अडचण तीच होती.

त्याचे वडील, आबा, गावचे न्हावी. पारासमोर त्यांचं कटिंगचं दुकान. सुपडूला हाताखाली घ्यायचा त्यांनी फार प्रयत्न केला. एकदा म्हणाले, "कानावरचे केस काप, तोवर मी चहा पिऊन येतो." आबा परत आले तेव्हा गिऱ्हाइकाचे दोन्ही कान गुळगुळीत झाले होते. डोक्यावरचं जंगल होतं तिथेच होतं.

तेव्हापासून सुपडूकडे फक्त झाडू होता.

मग एका सकाळी आबा विहिरीच्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. दुकान बंद झालं. गिऱ्हाइकं शेजारच्या गावात जाऊ लागली. त्यातच सरपंच द्वारकाबाईंच्या उमाकांतचं लग्न ठरलेलं. नवरदेवाची कटिंग-दाढी करायचा मान आबांच्या घराचा, पार त्यांच्या आजोबांपासून. आबा खाटेवर पडून प्लास्टरकडे बघत आणि मग सुपडूकडे बघत. दोन्हींकडे बघून त्यांना सारखंच दुःख होई.

सुपडूच्या बहिणीचा नवरा तालुक्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्याला सगळे दाजी म्हणत. दाजी आले, एक मोबाईल काढला आणि सुपडूच्या हातात ठेवला.

"जग बदललं, सुपडू. आता शिकायला कुठे जायला नको. ज्याचं त्याने शिकायचं, घरबसल्या. व्हिडिओ बघ, शिक. आता गुरू आपल्या खिशात."

सुपडूने गुरूला नमस्कार केला आणि मागच्या खिशात ठेवलं. दिवसभर तो उभाच होता.

"अरे, बस की जरा," आबा म्हणाले.

"गुरूवर कसा बसू?" सुपडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिला व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस म्हणाला, "आणि हो, शेजारची घंटी दाबायला विसरू नका!"

शेजारी जनाकाकू राहायच्या. सुपडू गेला आणि त्यांची घंटी दाबली. काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"काय रे?"

"काही नाही. विसरायचं नव्हतं."

सुपडू मन लावून शिकत होता. एकामागून एक व्हिडिओ बघत होता. प्रत्येकाच्या शेवटी तो माणूस आठवण करत होता. जेवणाच्या वेळेपर्यंत काकूंनी हातात लाटणं घेतलं होतं.

सुपडूने दाजींना फोन केला. दाजी पोट धरून हसले. म्हणाले, "अरे बाबा, व्हिडिओतला माणूस जे सांगतो ना, ते मोबाईलवरच करायचं असतं. बाहेर जाऊन नाही."

"मोबाईलवरच," सुपडू म्हणाला. नीट लक्षात ठेवलं.

पुढचा व्हिडिओ दाढीचा होता. माणूस म्हणाला, "आता पाणी मारा." सुपडूने मोबाईलवर पाणी मारलं. "भरपूर फेस करा." सुपडूने फेस केला. "हलक्या हाताने वस्तरा फिरवा." सुपडूने वस्तरा फिरवला. हात इतका हलका, की आबा खाटेवरून कौतुकाने बघत राहिले. मग त्यांना दिसलं की खुर्चीत कोणी नाही.

मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवला. जिवंत झाल्यावर त्याच्यावरूनच दाजींना फोन गेला. या वेळी दाजी थोडं कमी हसले.

"सुपडू, नीट ऐक. मोबाईलमध्ये बघायचं, आणि समोरच्या जित्या माणसावर करायचं. त्यात जे जे दिसेल ते, जसंच्या तसं. आपलं डोकं लावायचं नाही."

"डोकं लावायचं नाही," सुपडू म्हणाला. हे त्याला सोपं वाटलं.

जिता माणूस म्हणून सखाराम तात्या सापडले. त्यांना शेजारच्या गावापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून दाढीला आले. तात्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. सुपडूने मोबाईल आरशाला टेकवला आणि म्हणाला, "नमस्कार मित्रांनो."

तात्यांनी मागे वळून पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं.

व्हिडिओतला माणूस आधी केस कापत होता. सुपडूही कापू लागला. तात्यांच्या टकलाच्या वर, हवेत, कात्री कचकच चालली. तात्यांना बरं वाटलं. त्या आवाजासाठी ते कित्येक वर्षं तरसले होते.

एवढ्यात माणूस गेला आणि एक बाई आली. म्हणाली, "एक वाटी दही घ्या. त्यात हळद, आलं-लसूण आणि आपला झणझणीत मसाला मिसळा. सगळीकडे चोळून मुरू द्या."

सुपडू घरात गेला. आईकडून सगळं आणलं. तात्यांना सगळीकडे चोळलं.

"थंड वाटतंय रे," तात्या म्हणाले. "तालुक्याला असंच करतात का?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "गरम का वाटतंय?" मग ते थेट विहिरीकडे धावले.

दाजी फोनवर ओरडले, "अरे, ती मसाल्याची जाहिरात होती! कामाच्या मधेच कोणी भलतंच बोलायला लागलं, की समजायचं ही जाहिरात. पाच आकडे मोजायचे आणि पुढे ढकलायचं!"

"मोजायचे आणि ढकलायचं," सुपडू म्हणाला.

आता आबांना राहवेना. पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा ते स्वतः दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसले. हात मोडला तरी तोंड शाबूत होतं. सुपडू दाढी करू लागला. आबा मधेच म्हणाले, "अरे, वस्तरा आडवा धर! गळ्यापाशी सांभाळ!"

सुपडू थांबला. आबांकडे बघून त्याने पाच आकडे मोजले. मग ढकललं.

आबा पायरीवरून खाली गेले. डावं मनगटही मोडलं. पण दोन प्लास्टरांपेक्षा त्यांना दुसरंच लागलं. रात्री आई त्यांना भरवत होती तेव्हा ते म्हणाले, "आता मान गेला आपला. नवरदेव दुसरीकडे जाणार."

सुपडूने हे ऐकलं. त्याने दाजींना फोन केला आणि रडत म्हणाला, "दाजी, मी नीटच करतोय. मग होतं असं का?"

दाजींना दया आली. म्हणाले, "मोबाईल ठेव बाजूला. एकच गोष्ट धर. गिऱ्हाईक केंद्रस्थानी. त्याच्या तोंडून निघेल तो शब्द खाली पडू द्यायचा नाही."

सुपडूने दोरीने मापं घेऊन खुर्ची दुकानाच्या बरोबर मध्यभागी आणली. आरसा लांब राहिला. पण गिऱ्हाईक केंद्रस्थानी आलं.

लग्नाच्या सकाळी उमाकांत आला. मान मोडायचा नाही, असं द्वारकाबाईंनीच बजावलं होतं. बसला तोच त्याचा फोन वाजला. नवरदेवाची गाडी फुलांनी सजवणारा विचारत होता, कशी सजवू? उमाकांत डोळे मिटून सांगू लागला आणि सुपडू कान देऊन ऐकू लागला.

"डावी बाजू पूर्ण मोकळी ठेव," उमाकांत म्हणाला.

सुपडूने डावी बाजू पूर्ण मोकळी केली.

"उजवीकडे असू दे थोडं. मधोमध एक जाड पट्टा, पुढून थेट मागपर्यंत. आणि मागे मोठ्या अक्षरांत लिही, 'माझी रेवती'."

रेवती म्हणजे नवरी. सुपडूचं अक्षर फार सुंदर होतं. मास्तर त्याला तेवढ्या एका कारणासाठी वरच्या वर्गात घालत. त्याने वस्तऱ्याने लिहिलं. वेलांटीसुद्धा चुकली नाही.

उमाकांतला कळलं तेव्हा वाजंत्री दारात आली होती. सुपडूला मारायला वेळ नव्हता. त्याने फेटा कानापर्यंत ओढला आणि बोहल्यावर चढला. जेवणाच्या पंगतीत मात्र उकाडा सोसेना. फेटा उतरला. शेजारी बसलेल्या रेवतीने पाहिलं, वाचलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्यासाठी केलंत?" ती म्हणाली.

सुपडूचं काय करायचं हे मनात ठरवत बसलेला उमाकांत तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "म्हटलं, तुला आवडेल."

गावातल्या झाडून सगळ्या पोरांनी ते पाहिलं. नवरी चार दिवस माहेरी गेली, आणि ती परत यायच्या दिवशी सुपडूच्या दारात रांग लागली. "नवरदेव कटिंग कर," जो तो म्हणू लागला. आबांनी दोन्ही प्लास्टरं वर करून देवाचे आभार मानले.

सुपडू आता शहाणा झाला होता. त्याने आधी दाजींना विचारलं.

"लोकांना आवडलं?" दाजी आनंदाने ओरडले. "मग आता कशातच बदल करू नकोस! जसं त्याचं, तसंच सगळ्यांचं!"

पोरांना वाटलं, मागे आपापल्या मनातलं नाव येणार, कोणतं ते सुपडू आधी विचारणार. सुपडूने विचारलं नाही. रांगेतल्यांची डोकी मोबाईलमध्ये होती. ज्याचं झालं तो पारावर जाऊन बसे, तोंड देवळाकडे आणि पाठ रस्त्याकडे.

संध्याकाळी जीप आली. रेवती उतरली. तिला पोचवायला आलेला पैलवान भाऊ उतरला. घ्यायला आलेल्या द्वारकाबाई आणि उमाकांत पुढे झाले. चौघांनी पाराकडे पाहिलं.

गावातली तरणी पोरं ओळीने बसली होती. डावीकडे मोकळी, मधोमध पट्टा, आणि मागे सुंदर अक्षरांत: माझी रेवती. माझी रेवती. माझी रेवती.

भाऊ सावकाश बाह्या वर करू लागला.

तेवढ्यात सुपडू हातात वस्तरा घेऊन दुकानातून धावत आला. आनंदाने त्याचा चेहरा फुलला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "एवढेच नाहीत. बाकीचे उद्या येणार आहेत."