मोठ्या साहेबांचं अर्थिंग

वाघजाळीच्या ग्रामपंचायतीत महिपती नावाचा एक भोळा शिपाई होता. किती भोळा? कोणी "जरा थांब" म्हटलं, तर "किती वाजेपर्यंत?" असं विचारायचा. आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचा.

तर या पंचायतीत इंटरनेटचा राऊटर आला. म्हणजे दुसऱ्यांदा आला. पहिला वळवाच्या पावसात वीज पडून जळाला होता. तो बसवणारी माणसं मोठी हुशार. राऊटरची हिरवी वायर जमिनीत पुरलेल्या नळीला जोडायची असते, म्हणजे विजेचा लोंढा यंत्रात न शिरता जमिनीत जातो. त्याला अर्थिंग म्हणतात. पण खड्डा खणायचा म्हणजे कमरेत वाकायला लागतं. त्यांनी वायर खिडकीच्या गजाला गुंडाळली, फोटो काढला, वर पाठवला आणि चहा पिऊन गेले. फोटो पास झाला. राऊटर जळाला. त्यांना कोणी मूर्ख म्हटलं नाही, हे लक्षात ठेवा.

सरपंच गोदाक्का त्यानंतर वर्षभर तालुक्याला खेटे घालत होत्या. साध्या दाखल्यासाठी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वीस किलोमीटर जावं लागत होतं. शेवटी दुसरा राऊटर मिळाला, पण वरून बजावलं, "हा शेवटचा. हा गेला की वाघजाळीचं नाव यादीतून कट."

गोदाक्कांनी महिपतीला समोर उभं केलं.

"मह्या, ह्या डब्याला काय झालं तर गाव पुन्हा तालुक्याच्या वाटंला लागंल. आन् तुझी नोकरी मी ठेवायची न्हाई. इंजिनियर साहेब सांगतील तसंच करायचं. आपलं डोकं लावायचं न्हाई."

"न्हाई लावत," महिपती म्हणाला. आणि गड्याने शब्द पाळला.

इंजिनियर पोतनीस साहेब आले. त्यांनी पंचायतीच्या मागे खड्डा खणायला लावला. तांब्याची नळी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला.

"ही जागा ओली राहिली पाहिजे," साहेब म्हणाले. "रोज सकाळी एक बादली पाणी घालायचं. एकच."

दोन दिवसांनी साहेब परत आले, तर धो धो पाऊस. महिपती खड्ड्यावर छत्री धरून उभा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली. स्वतः नखशिखान्त चिंब.

"अरे, हे काय चाललंय?"

"एकच बादली म्हनलात, साहेब. ही वरची धरली तर लई व्हत्यात."

"गाढवा, पाऊस आला की आपण मध्ये पडायचं नाही! जिथे पडतोय तिथे पडू द्यायचा!"

"बरं," महिपती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचं छत गळायला लागलं. नेमकं राऊटरच्या खोक्यावर. टपक, टपक, टपक. महिपती समोर स्टुलावर हाताची घडी घालून बसला. साहेब आले आणि दारातच ओरडले, "अरे बघत काय बसलास!"

"पाऊस हाय, साहेब. मी मधी पडलो न्हाई."

नशीब, राऊटर आत प्लॅस्टिकमध्ये होता. साहेबांनी तो छातीशी धरला. त्यांचा आवाज चढला होता.

"ठोंब्या! पाणी दिसलं की वस्तू आधी उचलायची, पुसून कोरडी करायची, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायची! शिरलं डोक्यात?"

"शिरलं."

छत दुरुस्त झालं. साहेब वायर जोडायला मागे गेले. बघतात तर खड्ड्यात नळीच नाही. महिपतीने मोठ्या कौतुकाने कपाट उघडलं. आत नळी. घासूनपुसून लख्ख केलेली, आणि गोदाक्कांना सत्कारात मिळालेल्या शालीत गुंडाळलेली.

"चारी बाजूंनी पानी व्हतं, साहेब. पार भिजली व्हती बिचारी."

पोतनीस साहेबांनी शाल सोडून नळी हातात घेतली. मग बाही वर करून त्यांनी स्वतःच नळी पुरली. राऊटर चाकांच्या लोखंडी कपाटात बसवला, घट्ट आवळला, हिरवी वायर जोडली. सगळं कसं नियमाप्रमाणे. मग महिपतीला समोर बसवून एकेक शब्द सावकाश सांगितला.

"एक. माणसाच्या अंगातसुद्धा थोडी वीज असते. तेवढीही यंत्राला बाधते. म्हणून मनगट तारेने कपाटाला जोडल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. कोणीही."

"तुमीबी?"

"मीसुद्धा. आणि दोन. हिरवी वायर सगळ्यात आधी बांधायची आणि सगळ्यात शेवटी सोडायची. आग लागली तरी शेवटी. काय?"

"आग लागली तरी शेवटी," महिपती म्हणाला. त्याने ते दिवसभर पाठ केलं.

सोमवारी उद्घाटन. तालुक्याचे मोठे साहेब येणार होते. ही माणसं दोन तास उशिरा येतात आणि पाच मिनिटांत जातात, तसेच ते आले. राऊटरचं बटण त्यांच्या हस्ते दाबायचं होतं. फोटोत हात यावा म्हणून ग्रामसेवक आणि उपसरपंचही पुढे घुसले. महिपतीने दोघांची मनगटं बारीक तारेने कपाटाला बांधली. मग मोठ्या साहेबांकडे पाहून त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं डोकं लावलं. साहेब एवढा मोठा, तर अंगातली वीज केवढी असंल! खड्ड्याच्या कामातून उरलेली जाडजूड हिरवी वायर त्याने आणली, साहेबांच्या मनगटाला तीन वेढे दिले आणि दुसरं टोक पकडीने कपाटाला आवळलं.

मोठ्या साहेबांना सत्कार करून घ्यायची सवय. त्यांनी हसत हात पुढे केला. "वा, इथली प्रथा का?"

"व्हय," महिपती म्हणाला.

बटण दाबलं. दिवे लुकलुकले. टाळ्या झाल्या. पहिला दाखला छापून बाहेर आला आणि गोदाक्कांना रडूच फुटलं. एवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन वाजला. त्यांच्याही वरचे साहेब शेजारच्या गावात येऊन थांबले होते. साहेबांचा चेहरा पडला.

"सोड रे, सोड लवकर!"

"सोडतो की," महिपती म्हणाला आणि ग्रामसेवकाची गाठ सोडायला बसला.

"अरे, मला!"

"तुमची हिरवी हाय, साहेब. हिरवी सगळ्यात शेवटी."

"महिपती!" पोतनीस किंचाळले. "त्यांची आधी सोड!"

महिपतीने हात जोडले. "न्हाई साहेब, आता न्हाई चुकायचो. आग लागली तरी शेवटी."

पण वरच्या साहेबांचं नाव निघाल्यावर खालचा साहेब कुठे थांबतोय? मोठे साहेब गाडीकडे पळत सुटले. त्यांच्यामागे कपाट. कपाटामागे अजून बांधलेले उपसरपंच. भिंतीकडच्या वायरी तटातट तुटल्या. कपाट उंबरा ओलांडून पायऱ्यांवरून धडधडत खाली गेलं, त्याचं दार उघडलं, स्क्रू निखळले आणि राऊटर उडून गाडीमागे पडला. ड्रायव्हरही तत्पर माणूस. साहेब दिसताच त्याने गाडी मागे घेतली.

कर्रकच्च.

गोदाक्का पायरीवर मटकन बसल्या. महिपती धावत खाली गेला. साहेबांच्या मनगटापासून कपाटापर्यंत त्याने वायर बोटाने चाचपून पाहिली आणि तिथूनच आनंदाने हाक मारली.

"आक्का, समदं तुटलं, पर हिरवी सुटली न्हाई!"