रकाना हिरवा झाल्याशिवाय उठायचं नाही

एका गावात एक भोळा सखाहरी होता. भोळा म्हणायचं ते सरपंचांच्या धाकानं, कारण तो त्यांचा मेहुणा.

करोनाची साथ आली. सरकारनं गावाला एक टॅबलेट धाडला. घरोघर जायचं, आजाऱ्याच्या बोटाला मशीन लावायचं, ऑक्सिजनचा आकडा टॅबलेटमध्ये भरायचा. भरून 'पाठवा' दाबलं की तो लगेच जिल्ह्याच्या कचेरीत पडद्यावर दिसे. नव्वदच्या खाली गेला की तिकडून ॲम्ब्युलन्स निघे. एवढं जोखमीचं काम गावानं कुणाला द्यावं? सखाहरीला!

गावच्या नर्स रजनी सिस्टरनी त्याला बजावलं, "एकही रकाना रिकामा ठेवू नकोस."

"नाही ठेवत, बाई."

पहिलं घर हरिआबांचं. वय बाहत्तर. 'गरोदरपणाचा महिना' हा रकाना रिकामा राहत होता. सखाहरीनं अंदाजानं 'सातवा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून आबांना फोन आला, बाळाची हालचाल जाणवते का म्हणून.

सिस्टर कडाडल्या, "अरे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही भरायचं नाही!"

"नाही भरत, बाई."

मग पारूबाईंचं घर. त्या तापानं फणफणल्या होत्या. पण ताप काही सखाहरीला डोळ्यांनी दिसला नाही. रकाना रिकामा राहिला आणि लालभडक झाला.

सिस्टरनी कपाळावर हात मारला. "लाल रकाना ठेवून यायचं नाही. हिरवा झाल्याशिवाय उठायचंच नाही!"

"हिरवा करूनच उठेन, बाई."

तिसरं घर अनसूयाकाकूंचं. काकूंना धाप लागलेली, ओठ निळे पडलेले. मशीननं ब्याऐंशी दाखवलं. रकाना लाल. पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

"काकू, जरा मनावर घ्या की," सखाहरी वैतागला.

काकूंना बोलवेना. शेवटी सखाहरीनं मशीनमध्ये स्वतःचं बोट घातलं. अठ्ठ्याण्णव! रकाना हिरवागार झाला. मग हा शहाणा त्यांच्याकडचा चहा पिऊन उठला.

हे बघून काकूंचा मुलगा रंगनाथ धावत सिस्टरकडं गेला. सिस्टरनी जिल्ह्याला फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "आमच्याकडं तर त्या ठणठणीत आहेत." साहेबांना माणसं दिसत नसत, रकाने दिसत. लाज वाटायचं काम त्या कचेरीत कुणाकडंच दिलेलं नव्हतं.

सिस्टर सखाहरीवर ओरडल्या, "बोट ज्याचं, त्याचंच नाव घाल, गाढवा! आणि आकडा ब्याऐंशी कर!"

सखाहरीनं दोन्ही केलं. बोट त्याचं होतं, म्हणून काकूंचं नाव खोडून स्वतःचं घातलं. मग आकडा ब्याऐंशी केला.

अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स दारात. ड्रायव्हरनं यादी वाचली. "सखाहरी कोण?"

"मी."

"झोपा."

"अहो, माझ्या आईला न्या!" रंगनाथनं हात जोडले.

"त्यांचं नाव यादीत नाही, दादा."

सखाहरी टॅबलेट छातीशी धरून आडवा झाला. नाकाला नळी लावून, भोंगा वाजवत गाडी त्याला घेऊन गेली. मागून काकू दुधाच्या टेम्पोत, कॅनला टेकून. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यादी न बघता काकूंकडं बघितलं, म्हणून त्या वाचल्या. दहा दिवसांनी घरी आल्या.

सखाहरी मात्र महिना झाला तरी तिथंच. दोन वेळचं जेवून चांगला गरगरीत झाला होता. पण नाव कमी झाल्याशिवाय दवाखाना सोडेना, आणि नाव कमी व्हायला 'पेशंट घरी पोचला' हा रकाना गावाच्या टॅबलेटवरून भरावा लागे. आणि टॅबलेट त्याच्याच उशाशी.

सिस्टरनी फोन केला, "अरे, भर की तो रकाना!"

"कसा भरू, बाई? मी घरी पोचलेला मी अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही."